जमिनीपासून एक वीत

हरणी, बडोदे
११ एप्रिल

तीर्थस्वरूप सरोजिनीताईस,

धाकट्या शरच्चंद्राचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकतात, उरलेली तीन टेकली असं समजून घे.) इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. प्रेमलाचा खांदा अधूनमधून बोलतो, आणि माझी प्रकृती तू काळजी करू नयेस इतकी उत्तम आणि विचारपूस थांबवू नयेस इतकी नाजूक आहे. दाजींचा खोकला कसा आहे? तुझं मागचं पत्र मिळालं. सिलेंडरवाला तिसऱ्या मजल्यावर येताना प्रत्येक पायरीवर कुरकुरतो आणि दाजी त्याला दर खेपेला सरबत पाजून आणखी उशीर करतात, हे वाचून प्रेमला खूप हसली. मी हसलो नाही, कारण त्याच पत्रात तू माझ्या मराठीतले 'चालशे', 'बराबर' आणि 'सरस' मोजून दाखवले होतेस. ताई, तू लग्न होऊन सांगलीला गेलीस तेव्हा तूही प्रत्येक गोष्टीला 'सरस'च म्हणायचीस, आणि तुझ्या सासूबाई कोणापेक्षा सरस म्हणून विचारायच्या. आता तिकडचं पाणी लागल्यावर तू आम्हाला शुद्धलेखन शिकवतेस, पण ते असो.

मी अकरा दिवसांपूर्वी आपल्या अभिजितला एक निरोप पाठवला होता. (मुलगा तुझा असला तरी भाचा माझाच.) गेल्या दिवाळीत मी तुझ्या स्वयंपाकघरात ओट्याखाली, जमिनीपासून बरोबर एक वीत उंचीवर, जी पांढरी डबी स्वहस्ते बसवून दिली होती, गॅस गळाला की किंचाळणारी, ती ताबडतोब काढून छताखाली एक वीत बसव, कारण विचारू नकोस, असा तो निरोप. त्याने तासाभरात फोटो पाठवला. डबी छताखाली अगदी शोभून दिसते आहे. (कोपऱ्यात त्याचा अंगठा आला आहे. त्याला फोटो कधी जमलेच नाहीत.) मोठ्यांचं कारण न विचारता ऐकणारी मुलं आजकाल कुठे मिळतात? पण आता कारण सांगणं माझं कर्तव्य आहे, म्हणून हे पत्र. फोनवरच सांगितलं असतं, पण माझा नंबर दिसला की तू आंघोळीला जातेस, हे दाजी एकदा चुकून बोलून गेले आहेत. दिवसातून चार आंघोळी या वयात बऱ्या नव्हेत.

कारण सांगायचं तर आजोबांपासून सुरुवात करायला हवी. (उसासा टाकू नकोस, मला इथे ऐकू येतो.) आजोबा संस्थानात वजनंमापं तपासायचे. लहरीपुऱ्याच्या बाजारात ते शिरले की दुकानदार आपापले तराजू पुसायला लागत, आणि एकदा त्यांनी नुसतं तळहातावर घेऊन एक पावशेराचं वजन दोन गुंजा हलकं आहे म्हणून सांगितलं होतं आणि ते तसंच निघालं होतं. (तुझ्या मते तीन गुंजा. असेल.) तेव्हा जड काय आणि हलकं काय हे बाहेरच्या कुणी येऊन आपल्या घराला शिकवावं, अशी वेळ तीन पिढ्यांत आली नव्हती. मी स्वतः डभोईच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेही गुजरातीतून, आणि आजही तिथल्या बसस्टँडवर उतरलो तर निदान चार दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहतात. त्यांतले तीन माझ्या हातून नापास झालेले आहेत, तरी उठतात.

तर निवृत्तीनंतर आम्ही इथे रत्नकुंज सोसायटीत राहायला आलो हे तुला ठाऊकच आहे. चोवीस घरं आहेत. विमानतळ जवळ असल्यामुळे एखादं महत्त्वाचं वाक्य रंगात आलं की डोक्यावरून विमान जातं आणि ते पुन्हा सांगावं लागतं. (पुन्हा सांगायला माझी ना नसते.) आमचे चेअरमन दिनकरराव रेल्वेतून निवृत्त झालेले, मराठी असून मीटिंगमध्ये गुजराती बोलणारे आणि चिडले की हिंदी. त्यांना जानेवारीत एकदम सोसायटीच्या सुरक्षिततेची काळजी वाटू लागली आणि ते माझ्याकडे आले की सर, सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की गॅसविषयी दोन शब्द बोला. ताई, मी दोन शब्द बोललो नाही. मी प्रयोग केला.

दिनकररावांकडे मासे मेल्यामुळे रिकामी पडलेली काचेची पेटी होती. तिच्यात मी विटांच्या तीन पायऱ्या केल्या आणि प्रत्येक पायरीवर एक पेटलेली पणती ठेवली. मोठ्या पातेल्यात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून कार्बन डायऑक्साइड तयार केला, आणि पाणी ओतावं तसा तो पेटीत ओतला. बघणाऱ्यांना दिसत काहीच नव्हतं. शरच्चंद्र सर पातेलं तिरकं धरून उभे आहेत आणि त्यातून काहीही पडत नाही, एवढंच. दोघंतिघं हसलेही. आणि मग सगळ्यांत खालची पणती विझली. मग मधली. मग वरची. ताई, जी शांतता पसरली ती मी एकतीस वर्षांत वर्गात ऐकली नव्हती. आमच्या शेजारच्या रंजनबेननी तर हात जोडले. मग मी सांगितलं, गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून गॅस खाली बसतो, म्हणून डबी खाली बसवायची. टाळ्या वाजल्या, विमान गेलं, मी पुन्हा सांगितलं, पुन्हा टाळ्या वाजल्या. चोवीसही घरांत डब्या बसवायच्या असं तिथल्या तिथे ठरलं आणि बसवण्याचं काम, इतर कुणाच्या हाती द्यायला नको म्हणून, मी माझ्याकडे घेतलं.

फेब्रुवारीचा पूर्ण महिना मी लोकांच्या ओट्याखाली काढला. ड्रिल माझं, वीत माझी. (वीत ज्याची त्याची वेगळी म्हणून सगळीकडे माझीच, आजोबांचा नातू दुसऱ्याचं माप वापरत नाही.) दुसऱ्याच्या ओट्याखाली झोपून घराची जी ओळख होते ती दिवाणखान्यात बसून होत नाही. कोण कांदे कुठे ठेवतं, कुणाकडे झुरळं आहेत, कुणाची सून सासूला काय म्हणते, सगळं मला कळलं आणि मी कुठेही बोललो नाही. शेवटची चोविसावी डबी आमच्या घरी बसवली, तेव्हा दिनकररावांनी मला शाल दिली. ती मी घडी न मोडता ठेवली आहे, म्हणजे आता जरा अवघडल्यासारखं होतं, पण त्याचं पुढे सांगतो.

मार्चमध्ये माझ्या कीर्तीवर कळस चढला. एका दुपारी चार वाजता रंजनबेनची डबी किंचाळायला लागली. रंजनबेन आमच्या भिंतीला भिंत, एकट्या राहतात, आणि तीन वर्षांपूर्वीच्या तापानंतर त्यांना वास म्हणून कसला येतच नाही. भाजी करपली तरी त्यांना धूर दिसल्यावर कळतं. हे लक्षात ठेव, पुढे लागेल. मी धावलो, शेगडीचं बटण बघितलं, सगळं बंद. मग शोध लागला. त्यांनी ढोकळ्याचं पीठ आंबवायला म्हणून डबीच्या अगदी खाली ठेवलं होतं, आणि आंबलेल्या पिठाच्या वाफाऱ्याने डबी पेटून उठली होती. दुसरा एखादा माणूस म्हणाला असता की डबी खोटी आहे. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की आपल्या डब्या इतक्या तल्लख आहेत की त्या ढोकळासुद्धा पकडतात. चाळीस अंगठे आले. रंजनबेननी ढोकळा पाठवला. सरस झाला होता. (मोज.)

आता आमच्या घरी काय झालं ते ऐक. मार्चच्या शेवटी प्रेमला लोणच्याची मोठी बरणी काढायला स्टुलावर चढली आणि माळ्याजवळ तोंड गेल्याबरोबर म्हणाली की इथे गॅसचा वास येतो आहे. मी खाली होतो. मी लगेच गुडघे सोसून फरशीवर आडवा झालो, डबीशी नाक नेलं, वास नव्हता, डबी गप्प होती. मी तिला सांगितलं की वास येत असेल तर तो खाली यायला हवा, वर येत असेल तर तो गॅस नव्हे, माळ्यावरच्या हिंगाच्या जुन्या डब्याचा असेल. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढली आणि म्हणाली आज जास्त येतो आहे. मी तिला पणत्यांचा प्रयोग पहिल्यापासून समजावून सांगितला. ती पुन्हा बरं म्हणाली. ताई, बेचाळीस वर्षांच्या संसारात मला एक गोष्ट कळली नव्हती, ती म्हणजे प्रेमलाने एकाच विषयावर दोनदा बरं म्हटलं की तिने आपला मार्ग धरलेला असतो. मी बँकेत गेलो तेवढ्यात तिने बिलावरचा नंबर बघून गॅस कंपनीला फोन केला.

मी परत आलो तर स्वयंपाकघरात डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेली एक पस्तिशीची बाई माझ्या स्टुलावर उभी होती आणि तिच्या हातातलं यंत्र छताजवळ टिकटिक करत होतं. गॅसचा पाइप आमच्याकडे छताजवळून आत येतो, तिथला सांधा सैल झाला होता. मोठी गळती नव्हती, पण दिवसांची होती. आणि त्या सांध्याच्या शेजारी जो झरोका आहे, ज्यातून तो गॅस आपोआप बाहेर निघून गेला असता, तो पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून पक्का बंद केलेला होता. कुणी, तर मी. कबुतरं आत येत होती म्हणून. तिने पहिल्यांदा व्हॉल्व बंद केला, मग पुठ्ठा ओढून काढला, विजेच्या बटणाला हात लावू दिला नाही, आम्हाला दोघांना गॅलरीत उभं केलं, आणि सगळं झाल्यावर खाली उतरून ओट्याखालच्या माझ्या डबीकडे बराच वेळ बघत राहिली. मग वळून म्हणाली, "सर, ओळखाण पडी?"

मला ओळख पटली नाही. मी नेहमीप्रमाणे पटल्यासारखं केलं. मग तिने नाव सांगितलं, मोहना, डभोई, नववी ब. मराठी घरातली मुलगी, वडील तिथे पोस्टात होते. आणि मग मला ती आठवली, ताई, आणि मला वाटलं की आपण पुन्हा बँकेत जावं. नववीच्या सहामाहीला मी एक प्रश्न काढला होता. स्वयंपाकघरात गॅस गळाल्यास तो कोठे साठेल? दोन गुण. सगळ्या वर्गाने लिहिलं, जमिनीलगत. मोहनाने लिहिलं, छताजवळ. मी शून्य दिलं, आणि ती विचारायला आली तेव्हा म्हणाली की बडोद्याला माझ्या मामाकडे पाइपचा गॅस आहे, तिथे एकदा गळाला तेव्हा वास वर येत होता. मी सगळ्या वर्गासमोर विचारलं की तुझ्या मामाच्या घरी विज्ञान वेगळं असतं का? वर्ग हसला. मीही हसलो. तिने आमच्या गॅलरीत चहा पिताना अगदी सहज सांगितलं की दहावी संपेपर्यंत पोरं तिला मामा म्हणत होती. इंजिनियर झाल्यावर गॅस कंपनीचीच नोकरी का धरली असं कुणी विचारलं तर ती मामाचं नाव सांगते. (मी मनात म्हटलं, म्हणजे तिला घडवलं मीच. पण चहा संपेपर्यंत ते वाक्य मला गिळवेना आणि उच्चारवेनाही.)

झालं होतं असं. मी डभोईला एकतीस वर्षं सिलेंडर वापरला. सिलेंडरमधला वायू हवेपेक्षा जड, जवळजवळ दुप्पट, गळाला की पाण्यासारखा फरशीवर पसरतो, तिथे डबी खालीच हवी. इथे बडोद्यात नळासारखा पाइपातून येतो तो वायू निराळा. तो हवेच्या जेमतेम अर्ध्या वजनाचा, गळाला की वर जातो, तिथे डबी छताखालीच हवी. दोघांचे स्वभाव उलटे, पण आपण दोघांनाही एकाच नावाने हाक मारतो. सिलेंडरला गॅस, पाइपातल्याला गॅस, शेगडीलाही गॅस आणि दाजींच्या पोटातल्यालाही गॅस. (त्याची दिशा तू मला अधिक चांगली सांगू शकशील.) आजोबांच्या नातवाने वजन न करता नुसतं नाव ऐकून माप लावलं, आणि चोवीस घरांत लावलं.

मग मी शेवटचा प्रयत्न केला. मी मोहनाला म्हटलं की समजा गॅस आधी वर गेला, पण खोली बंद ठेवली तर काही वेळाने सगळं निवळेल ना, जड ते खाली आणि हलकं ते वर, म्हणजे खालच्या डबीलाही केव्हातरी काहीतरी कळेल? ती न हसता म्हणाली की नाही सर, एकदा मिसळलं की ते आपोआप वेगळं होत नाही. शांत जागी जड वायू आधी खाली बसतो, हलका आधी वर चढतो, हे खरं, पण हळूहळू दोन्ही हवेत मिसळतात, आणि मिसळल्यावर त्यांना खोली उघडून बाहेरच काढावं लागतं. तसं नसतं तर कार्बन डायऑक्साइड सगळा जमिनीलगत साठला असता आणि पंगतीला मांडी घालून बसलेली माणसं पहिल्या वरणभातालाच गुदमरली असती. ताई, हे पंगतीचं उदाहरण इतकं सुंदर आहे की ते मला सुचायला हवं होतं. (सोसायटीत मी ते माझं म्हणून एकदा सांगितलंही, पण मोहना तिथेच उभी होती.) तेव्हा माझ्या मराठीतलं गुजराती खाली बसेल आणि वर शुद्ध साय येईल याची तू वाट बघू नकोस. आपलं बडोद्याचं बोलणं पाच पिढ्यांपूर्वी मिसळलं.

आता खरा प्रश्न होता तो उरलेल्या तेवीस घरांचा. मोहना म्हणाली की आजच्या आज डब्या वर हलवा. मी म्हटलं, एवढी काय घाई आहे, टप्प्याटप्प्याने करू. खोटं कशाला सांगू, मला शाल आठवत होती, चाळीस अंगठे आठवत होते, आणि लोकांसमोर उभं राहून आपण तीन वाक्यं चुकीची सांगितली, तीही विमान गेल्यामुळे दोन-दोन वेळा, हे म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी टेबलाशी बसून नोटीस लिहिली. नव्या संशोधनानुसार सोसायटीतील सर्व डब्यांची उंची लवकरच सुधारण्यात येईल. चांगली नोटीस होती, चुकीचा कुठे उल्लेख नव्हता. प्रेमलाने ती वाचली. तिने एवढंच विचारलं की हे नवं संशोधन रंजनबेनना वास यायला लागेल इतकं लवकर होणार आहे का?

भिंतीपलीकडे रंजनबेन भांडी लावत होत्या त्याचा आवाज येत होता. त्यांना वास येत नाही. प्रेमलाला वास आला म्हणून आम्ही वाचलो, पण त्यांच्याकडे सांधा सैल झाला तर त्यांच्याजवळ सावध करायला माझ्या डबीशिवाय कुणी नाही, आणि ती डबी मी अशा ठिकाणी लावली आहे की ती ढोकळा पकडेल आणि गॅस सोडून देईल. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले होते. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की नोटीस फाडली तीसुद्धा नीट चार तुकडे करून, म्हणजे कुणी जोडून वाचू नये.

संध्याकाळी सहाला दिनकररावांनी सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावलं. मोहनाला मी ड्यूटी संपल्यावर थांबायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो की मी चुकलो, एका ठिकाणी नाही, चोवीस ठिकाणी चुकलो, आपला गॅस हलका आहे, तो वर जातो, आणि आज रात्रीचा स्वयंपाक होण्याआधी प्रत्येक डबी छताखाली जाईल. विमान आलं नाही. ज्या दिवशी यायला हवं त्या दिवशी येत नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, दिनकरराव हिंदीत काहीतरी पुटपुटले. मग मी खिशातून लाल पेन काढलं (ते मी अजून बाळगतो), एका कागदावर लिहिलं, मोहना, नववी ब, विज्ञान, प्रश्न चौथा, दोनपैकी दोन, खाली सही केली, तारीख घातली, आणि सगळ्यांसमोर तिला दिला. तिचे डोळे भरून आले. माझ्या डोळ्यांत ड्रिलची धूळ गेली. (ड्रिल तोवर सुरूच झालं नव्हतं हे प्रेमलाचं म्हणणं मी इथे नोंदवून ठेवतो.) कागद घडी करून ती म्हणाली की सर, मामाला दाखवते.

त्या संध्याकाळी स्टुलावर मी, ड्रिल हातात मोहनाच्या, आणि वीत मात्र माझी. पहिली डबी रंजनबेनची. त्यांच्या झरोक्यालाही पुठ्ठा होता. माझा बघून लावलेला. तो मी स्वतः काढला आणि कबुतरांसाठी जाळी बसवून दिली. साडेआठपर्यंत चोवीस झाल्या. जुनी चोवीस भोकं मी दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सिमेंटने बुजवली, पण रंजनबेननी आपलं बुजवू दिलं नाही, म्हणाल्या राहू द्या, सरांची आठवण. शाल मी दिनकररावांना परत करायला गेलो तर ते चक्क मराठीत म्हणाले की ठेवा, आता ती तुम्हाला शोभते. बघ ताई, आपल्या घराण्याचं हे असं आहे. माप चुकलं तर आजोबा भर बाजारात वजन फोडायचे, मी भर पार्किंगमध्ये फोडलं. मला कुणी विचारलं की एकतीस वर्षांत तुम्ही काय कमावलं, तर मी सांगतो की भर वर्गाच्या हसण्यापुढेही न डगमगणारी एक विद्यार्थिनी, जी माझं न ऐकता मोठी झाली.

तेव्हा त्याच दुपारी, मोहना चहा पीत होती तेव्हाच, मी अभिजितला तो निरोप का पाठवला, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. शास्त्र हाती आलं की ते पहिल्यांदा आपल्या माणसांना द्यावं. डबी वर आहे, ती वरच राहू दे, कुणी काही म्हटलं तर माझं नाव सांग. दाजींना नमस्कार, अभिजितला आशीर्वाद, आणि त्याला म्हणावं फोटो काढताना अंगठा आवर.

तुझा आज्ञाधारक (निदान पत्रात),
शरच्चंद्र

ता.क. लोणच्याची बरणी अखेर उतरली. कैऱ्या आणल्या आहेत. तुझ्या पद्धतीने मोहरी किती फेसायची ते कळव. प्रेमलाला माहीत आहे, पण मला तिचं तपासून बघायचं आहे.

ता.क. दुसरा. पाकीट बंद करण्याआधी प्रेमलाने पत्र वाचायला घेतलं. सगळं वाचलं, मामाच्या पाइपाच्या गॅसपाशी थांबली, पुन्हा पहिलं पान काढलं, आणि मला विचारलं, "वन्संकडे पाइप कधी आला?" ताई, मी पहिलं पान बघितलं. सिलेंडरवाला. तिसरा मजला. सरबत. हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. डबी खाली घे. वाचणं थांबव, पत्र खाली ठेव, आणि डबी खाली घे, जमिनीपासून एक वीत, जिथे मी दिवाळीत लावली होती तिथेच. ती तेव्हाच बरोबर होती. हे पत्र पोहोचायला चार दिवस लागतील, म्हणून मी अभिजितला फोन लावतो आहे आणि तो लागत नाही, तुला लावला तर तू आंघोळीला गेलीस. आता प्रेमला तिच्या फोनवरून लावते आहे.

ता.क. तिसरा. तू पहिल्या रिंगला उचललास. प्रेमला बोलत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती आधी हं म्हणाली, मग हसली, मग पदर तोंडाला लावून हसली, मग म्हणाली नाही हो वन्सं, नाही सांगत, आणि फोन ठेवल्याबरोबर मला सगळं सांगितलं. म्हणजे डबी वर गेलीच नव्हती. सिलेंडर जमिनीवर असताना डबी छताला कशाला, असं तू त्याच वेळी म्हणालीस, आणि शरदला वाईट वाटेल म्हणून अभिजितला नुसती दुसरी रिकामी डबी छताशी धरायला लावून फोटो काढलास. तो अंगठा मला आता समजला. ताई, एकच मागणं आहे, आणि मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहीत होतो. मी चुकलो की मला सांगत जा. नुसतं बरं म्हणू नका, नुसता फोटो पाठवू नका. मोहनाने नववीत सांगितलं होतं, तेव्हा मी ऐकलं असतं तर चोवीस भोकं कमी पडली असती. मोहनाला दोन गुण दिले, तुला दोन दिले, अभिजितला अंगठ्याबद्दल अर्धा. माझे किती ते अजून कळलेलं नाही, पत्राची बाकीची पानं प्रेमलाच्या हातात आहेत आणि तिने लाल पेन मागितलं आहे.